मुलाखतीचा कोट

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या आमच्या टाउनहाउसमध्ये दार उघडलं की डाव्या हाताला एक उभं कपाट होतं. त्या ओळीतल्या सगळ्याच घरांत ते तसंच होतं आणि सगळे जण त्यात बर्फातले बूट, छत्र्या, व्हॅक्युम असलं काहीबाही कोंबायचे. आमचे बूट मात्र जिन्याखाली जुन्या टॉवेलवर ओले पडलेले असत, कारण आमच्या कपाटात कोट होते. निळे, काळे, करडे, उंच मुलांचे, ठेंगण्या मुलांचे, मुलींचे, आणि एक इतका रुंद की तो कुणालाच कधी झाला नाही, पण बाबा तो टाकू द्यायचे नाहीत. म्हणायचे, येईल कुणीतरी तेवढा मोठा. दार उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, मग बूटपॉलिशचा, आणि दोन पावलं आत आलं की आईच्या रश्श्याचा. शाळेतली एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली, तेव्हा जॅकेट टांगायला तिनं ते कपाट उघडलं आणि मला हळूच विचारलं, "हाउ मेनी मेन लिव्ह हिअर?" मी म्हटलं, माझ्या बाबांना कोट आवडतात. त्यापेक्षा जास्त सांगायला तेव्हा माझ्याकडे इंग्रजी नव्हतं आणि धीरही नव्हता.

हे सगळं मी मराठीत लिहायला बसले याचं माझ्या मुलाला नवल वाटतं. नागपूर सोडलं तेव्हा मी दुसरीत होते, त्यानंतरचं माझं मराठी आईनं कणीक मळता मळता टिकवलेलं. पण हेच मी इंग्रजीत लिहून बघितलं, तर त्यात बाबा फार शहाणे आणि गंभीर दिसायला लागले. ते तसे नव्हते. ते हट्टी होते, टापटिपीचे होते, आणि लुंगीवर टाय बांधून आरशासमोर उभे राहणारे होते. ते मराठीतच नीट मावतात.

शनिवारची सकाळ ही आमच्याकडे गर्दीची वेळ. बाबांच्या फोनवर बुद्धवंदना लागलेली असे, तिच्यावर आईच्या मिक्सरची घरघर, आणि मधूनच इस्त्रीचा फुस्स. मग बेल वाजायची आणि दारात विदर्भातून, मराठवाड्यातून एम.एस. करायला आलेलं आमच्या समाजाचं एखादं पोरगं उभं असायचं, चेहऱ्यावर घाम, खांद्याला बॅग. दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये सगळे वंदनेला जमत, आणि तिथूनच एकमेकांत पसरलेलं असायचं, की मुलाखत आहे ना, मग पार्सिपनीच्या काकांकडे जा. बाबा त्याला आधी नुसतं बघत. मग मापाचा कोट काढत, घालायला लावत, टायची गाठ स्वतः मारत आणि तपासणी सुरू होई.

"हात."

मुलगा हात पुढे करायचा.

"नखं बरी आहेत. आता टाच दाखव."

इथे सगळेच गोंधळायचे. एखादा म्हणायचा, "काका, शूज तर आत्ताच पॉलिश केले."

"समोरून सगळेच करतात बाळा. तू उठून जायला लागशील तेव्हा त्यांना तुझी टाचच दिसणार आहे."

मग तो दाराच्या चौकटीला धरून एक पाय मागे उचलायचा, बाबा खाली बसून फडक्यानं टाच पुसायचे, आणि मी जिन्यावर बसून सीरिअल खात हसू दाबायचे.

हा टाचेचा नाद कुठून आला ते आम्हाला तोंडपाठ होतं, कारण बाबा ती गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला सांगायचे. नागपूरला त्यांच्या वस्तीत सगळ्या पोरांत मिळून एक कोट होता, निळा. गिरणीत जाणाऱ्या बापांनी वर्गणी काढून शिवून घेतलेला, विहारातल्या लोखंडी कपाटात ठेवलेला. कपाटाच्या वर भिंतीवर तो फोटो, जो आमच्या पार्सिपनीच्या भिंतीवरही होता: निळा कोट, लाल टाय, गोल चष्मा, हातात पुस्तक. ज्यांनी आमच्या आजोबा-पणजोबांना शिका म्हटलं, स्वच्छ कपडे घाला, मान वर करून चाला म्हटलं, त्यांचा. वस्तीत कुणाला मुलाखतीचं बोलावणं आलं की तो कोट त्याचा, परत आला की धुऊन, इस्त्री करून पुढच्याचा. शिवताना माप कुणाचं द्यायचं यावर भांडण झालं आणि शेवटी सगळ्यांत धिप्पाड पोराचं दिलं गेलं, म्हणजे तो सगळ्यांना होईल. बाबा तेव्हा काडीपैलवान. त्यांच्या अंगावर कोट चढवल्यावर मागचं सगळं कापड गोळा करून त्याला सेफ्टी पिना लावल्या गेल्या. समोरून साहेब, मागून गाठोडं. निघताना बायामाणसं आपापल्या दारात उभी राहिली, आजोबा खाली बसले आणि धोतराच्या सोग्यानं त्यांनी बाबांच्या उसन्या आणलेल्या बुटांच्या टाचा पुसल्या. आणि म्हणाले, साहेबाला पाठ दाखवू नको.

बाबांनी ते अक्षरशः पाळलं. मुलाखत संपल्यावर ते नमस्कार करत उलटे चालत निघाले ते दारावर आपटले. साहेब पोट धरून हसला आणि नोकरीही दिली. ही गोष्ट सांगताना बाबा दर वेळी स्वतः उलटे चालून दाखवायचे आणि फ्रीजवर आपटायचे, आणि पोरं हसून हसून मोकळी व्हायची. पिनांचा भाग मात्र ते घाईघाईनं सांगायचे. मला ते फार नंतर लक्षात आलं.

तपासणी झाली की जेवण. आई झणझणीत पाटोडीचा रस्सा करायची, भाकरी, ठेचा, आणि मुलगा फारच दिवसांनी घरचं खातोय असं दिसलं तर मटण. पण घराचा नियम कडक होता. "कोट काढा, मग ताट," ती म्हणायची. "काकांच्या कोटावर रस्सा सांडला तर मी जबाबदार नाही बाप्पा." मग कोट खुर्चीच्या पाठीवर जायचा, बाह्या वर सरकायच्या, आणि मघाशी साहेब दिसणारा माणूस भाकरी कुस्करताना पुन्हा कुणाचा तरी मुलगा दिसायला लागायचा. मला ती मुलं जेवताना जास्त आवडायची. तिखटानं नाक पुसत ती आईकडे रडगाणी गायची, मुलाखतीची भीती तिलाच सांगायची.

मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बाबांची नोकरी गेली. एका भर दुपारी ते घरी आले, हातात खोका, खोक्यात मनी प्लांट, कप आणि कपड्यांचा ब्रश. इन्शुरन्स कंपनीत त्यांचं आख्खं डिपार्टमेंटच बंद झालं होतं. अंगावर नेहमीचा निळा कोट, टाय जागच्या जागी. त्यांचं ऑफिस जीन्सवर आलं तरी ते कोटावरच राहिले होते. आईनं खोका हातातून घेतला आणि विचारलं, "जेवले का?" ते नाही म्हणाले. तिनं पोळ्या टाकल्या. संध्याकाळी दोघांनी मला समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. आईची डे-केअरमधली नोकरी अर्ध्या वेळेची, माझं कॉलेज तोंडावर. बाबांना लवकर काम मिळालं नाही तर हे घर सोडून जिथे स्वस्त असेल तिथे, लांब कुठेतरी, जावं लागेल. बोलता बोलता बाबांची नजर एकदा दाराजवळच्या कपाटाकडे गेली. मला ते दिसलं.

त्यानंतरचे महिने माझ्या कानात आहेत ते फोनच्या आवाजांसह. बाबा जिन्यात बसून फोनवर बोलायचे आणि फोनवर सगळं झकास व्हायचं. त्यांना काम येत होतं, प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असे, समोरची माणसं खूश व्हायची. मग व्हिडिओवर बोलावणं यायचं, आणि तिथे घोडं अडायचं. डायनिंग टेबलावर रव्याचा आणि पोह्यांचा डबा, त्यावर लॅपटॉप, मागे पांढरी भिंत, आणि बाबा वरून कोट-टाय, खालून लुंगी. "नुसतं कमरेपर्यंतच दिसतं," ते म्हणायचे. एकदा ऐन प्रश्नात कुकरची शिट्टी झाली आणि आई ओट्याशी हात जोडून उभी राहिली. पडद्यावर माझ्याहून थोडी मोठी वाटतील अशी मुलं टी-शर्ट घालून बसलेली असायची. एकानं हसत विचारलं, लग्नाला निघालात का? बाबा म्हणाले, "नो सर, टु अ जॉब." सगळे हसले. दोन दिवसांनी मेल आली की तुमचा अनुभव मोठा आहे, पण आम्ही वेगळ्या दिशेनं जायचं ठरवलंय.

सल्ले द्यायला कुणाचंच काही जात नाही. दोन घरं सोडून राहणारे साठे काका पुण्याचे, मनानं चांगले, फक्त गप्प बसता यायचं नाही. ते एक दिवस म्हणाले, "साहेब, गुणवत्ता वगैरे ठीक आहे हो, पण लोक आधी चेहरा बघतात. तुमचे केस. डाय करून टाका, चांगले दहा वर्षांनी लहान दिसाल." बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं बाबांच्या डोक्याकडे. शनिवारी आम्ही आयसेलिनला ओक ट्री रोडवर वाणसामान आणायला गेलो तेव्हा तुरीची डाळ आणि कढीपत्ता यांच्या मध्ये काळ्या रंगाची एक डबी बास्केटमध्ये पडली. ती कुणी टाकली हे दोघांपैकी कुणीच कबूल केलं नाही.

तो रंग लावायचा सोहळा किचनमध्ये झाला. खाली दुकानाच्या जाहिरातींचे कागद, बाबांच्या खांद्यावर जुनी साडी, आईच्या हातात टूथब्रश. तिनं मिशीही सोडली नाही. धुऊन आल्यावर बाबांचे केस इतके काळे झाले होते की त्यांच्यावर उजेड टिकत नव्हता, आणि कानांच्या पाळ्या व अर्धं कपाळही त्यातच गेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, यू लुक लाइक अ व्हिलन." आई हसता हसता खुर्चीवर बसली. बाबाही हसले, पण आरशात तोंड वळवून वळवून बघत होते, आणि मला वाटतं त्यांना थोडं आवडलंही होतं.

घोळ असा झाला, की त्या वेळी एका कंपनीत त्यांची पहिली फेरी झालेली होती आणि दुसरी व्हायची होती. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. दुसऱ्या फेरीला पहिल्या फेरीतलीच बाई पडद्यावर आली, बाबांकडे बघून थांबली, आणि तिनं नाव पुन्हा विचारलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, की हल्ली एकाच्या नावावर दुसराच मुलाखतीला बसतो असे प्रकार होतात, तर तुमचं एखादं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धराल का? बाबांनी लायसन्स धरलं. त्यावर त्यांचे केस पांढरे. ती कधी लायसन्सकडे बघत होती, कधी त्यांच्याकडे. बाबा शांतपणे म्हणाले, "मॅडम, माय वाइफ कलर्ड माय हेअर." ती सॉरी म्हणाली, मुलाखत झाली, पुढे काही आलं नाही. लॅपटॉप मिटल्यावर ते तसेच बसून राहिले, वर कोट, खाली लुंगी, लायसन्स हातात. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याची पेन्सिलही परत केली त्या माणसाला, तू तूच आहेस ना, असं विचारलं गेलं होतं. मला त्या बाईचा इतका राग आला की मी वर जाऊन दार आपटलं. आता मी स्वतः माणसं निवडायला टेबलाच्या पलीकडे बसते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. राग मात्र अजून तसाच आहे.

अशात रोशन आला. हा अकोल्याचा, बाबांचा सर्वांत लाडका. करड्या कोटात मुलाखतीला गेला आणि मोठ्या कंपनीत लागला, ही गोष्ट बाबा आमच्या फ्रीजला आपटायच्या गोष्टीनंतर लगेच सांगायचे. आता तो जर्सी सिटीला राहायचा आणि हूडी घालून न्यूयॉर्कला कामाला जायचा. आईनं ताट वाढलं, पण तो जेवेना.

"काका, एक बोलू? राग नका मानू."

"बोल ना."

"तो कोट नका घालू यार." त्यानं जीभ चावली. "सॉरी काका. म्हणजे मी पण आता इंटरव्ह्यू घेतो ना ऑफिसमध्ये. कुणी फुल सूटमध्ये आलं की सगळे एकमेकांकडे बघतात. वाईट नाही बोलत कुणी. पण त्यांना फील होतं, की हा आपल्यातला नाही."

"आपल्यातला नाही," बाबा म्हणाले. "हे मी कोट नसताना पण ऐकलंय रे."

रोशनचा चेहरा पडला. आई रश्श्याचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी. मग तो ताटाकडे बघत म्हणाला, "काका, मी पण नव्हता घातला."

"काय?"

"तो करडा कोट. पार्किंग लॉटमध्ये काढून कारमध्ये ठेवला. आत सगळे हूडीत होते. मला भीती वाटली. शर्टवरच गेलो. तुम्हाला सांगायची डेअरिंगच नाही झाली."

वर बाथरूमचा पंखा चालू राहिला होता त्याची घूं घूं तेवढी ऐकू येत होती. बाबा उठले, कपाटापाशी गेले, तो करडा कोट काढून त्याच्या खांद्यांवरून हात फिरवला. "घरून निघताना घातला होता ना?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"हो काका. कारपर्यंत."

"बरं."

"रस्सा थंडा होऊन राहिला," आई म्हणाली. त्या दिवशी बाबा अर्ध्या भाकरीवरच उठले.

पुढचा शनिवार आला तेव्हा मला वाटलं होतं, आता ते कपाट उघडणारच नाहीत. बेल वाजली. यवतमाळची प्रज्ञा म्हणून एक मुलगी आली होती, डिझाइनच्या कामाची पहिली मुलाखत. बाबांनी कपाटाला हात लावला आणि थांबले. "सुजू," त्यांनी मला हाक मारली, "हिच्या कंपनीची वेबसाइट लाव. तिथली माणसं काय घालून बसतात ते बघू." आम्ही तिघं लॅपटॉपवर वाकलो. फोटोत एकही कोट नव्हता. बाबांनी चष्मा वर-खाली करून एकेक फोटो बारकाईनं पाहिला, बाह्या, कॉलरी, बूट, सगळं. मग मागे टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी हसू पाहिलं.

"आमच्या वेळी साहेब कोट घालायचा, म्हणून आपण कोट घातला," ते म्हणाले. "त्याच्यासमोर त्याच्यासारखं उभं राहता यावं म्हणून. आता साहेबच स्वेटर घालून राहिला, तर आपण कोणासाठी कोट धरून बसलो?"

बाबांनी मला वर पिटाळलं आणि माझा नवा हिरवा स्वेटर तिच्या अंगावर गेला. मी तोंड फुगवलं, तर म्हणाले, समाजकार्य कर. नखं बघितली, टाच बघितली, टाच मात्र सुटली नाही. तिला ती नोकरी लागली. माझा स्वेटर परत आला तो धुऊन, घडी करून, आणि थेट दाराजवळच्या कपाटात गेला. त्यानंतर तिथे कोटांच्या शेजारी स्वेटर टांगायला सुरुवात झाली.

केसांच्या बाबतीत मात्र ते हटून बसले. मुळाशी पांढरं दिसायला लागलं होतं आणि आईनं डबी पुन्हा बाहेर काढली होती. "नाही," ते म्हणाले. "कोट काढून खुंटीला लावता येतो. वय काढून कुठे ठेवू?" ते नाक्यावरच्या सलूनमध्ये गेले आणि सगळा काळा भाग कापून आले, अगदी बारीक, पांढरेशुभ्र. आई बघतच राहिली. म्हणाली, "असेच दिसत जा ना." मला ते दोघं तेव्हा फार तरुण वाटले.

मग एका हॉस्पिटलच्या ऑफिसातून बोलावणं आलं, समक्ष भेटायचं. रोशन ते कळल्याबरोबर एक स्वेटर घेऊन हजर. बाबांनी पिशवी उघडली. "निळाच आणलास," ते म्हणाले. रोशन म्हणाला, "मग काय काका, दुसरा कलर चालला असता का तुम्हाला?"

त्या सकाळी गाडी मी चालवली. माझं लायसन्स नवं कोरं, तरी मीच हट्ट धरला म्हणून बाबा शेजारी बसले. घरातून निघताना त्यांनी निळ्या स्वेटरवर निळा कोट घातला. टू-एटी-सेव्हन हायवेवर ट्रक आमच्या अंगावरून जात होते आणि मी धीर यावा म्हणून, खरं तर स्वतःलाच, त्यांची तयारी घ्यायला लागले. "टेल मी अबाउट युवरसेल्फ," मी जाड आवाज काढून म्हटलं. ते वस्तीपासून सुरू झाले. मी म्हटलं, "बाबा, टू मिनिट्स! दे वोन्ट हॅव टाइम." ते म्हणाले, "अगं, दोन मिनिटांत मी फक्त कोटापर्यंत पोचतो." आणि आम्ही दोघंही हसलो, इतकं की माझा एक्झिट जवळजवळ चुकला.

पार्किंगमध्ये गाडी थांबली. त्यांनी बाहेर उभं राहून कोट काढला, अस्तर वर येईल अशी घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "सुजू, टाच." मी खिडकीतून वाकून बघितली. चकाकत होती. मग ते वळले आणि चालायला लागले, आणि मी त्यांना आयुष्यात बहुधा पहिल्यांदा नीट मागून पाहिलं. कोटाशिवाय ते जरा लहान दिसत होते, खांदे उतरते, मान कापलेल्या केसांमुळे उघडी. पण पाठ ताठ होती, आणि पावलाबरोबर त्या दोन टाचा एकामागून एक उजळत होत्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू यायला लागलं, आणि कोटावर डाग पडेल म्हणून मी तो मागच्या सीटवर ठेवला.

ते बाहेर आले तेव्हा एक बाई दारापर्यंत सोडायला आली होती. दोघं काहीतरी बोलून हसली. मग बाबांनी तिच्याशी हात मिळवला, वळले आणि थेट माझ्याकडे चालत आले, सावकाश, एकदाही मागे न बघता. ती दारात उभी राहून बघत होती. गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "पाठ दाखवून आलो गं."

त्या हॉस्पिटलची जुनी सिस्टिम त्यांना तोंडपाठ येत होती म्हणून नोकरी मिळाली, की स्वेटरमुळे, की पांढऱ्या केसांमुळे, मला खरंच माहीत नाही. इतकी वर्षं लोकांच्या मुलाखती घेतल्यावर मी एवढं सांगू शकते, की रूप बघत नाही म्हणणारेही बघतात, आणि मीही बघते. समोरचा उठून जायला लागला की माझी नजर आपोआप खाली जाते. नोकरी मिळाल्याचा फोन आला तेव्हा आई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनीच बाबांना बिलगली आणि निळ्या स्वेटरवर तिची दहा बोटं उमटली. बाबांनी तो कितीतरी दिवस धुवायला दिला नाही.

कामाचा पहिला दिवस. आम्ही सगळे समजून होतो की स्वेटरच असणार. बाबा जिना उतरले ते निळा कोट, टाय, आणि खिशात रुमाल. आई म्हणाली, "अहो, हे काय?" "मुलाखत संपली," ते म्हणाले. "आता मी घालीन ते त्यांनी बघायचं." बाहेर गाड्यांची दारं वाजली. रोशन आला होता, प्रज्ञा आली होती, आणखी तीन-चार जण, सगळे आपापल्या कामावर जायच्या आधी, कुणी हूडीत, कुणी स्वेटरमध्ये, कुणी हातात कॉफी घेऊन. कुणी ठरवलं होतं मला माहीत नाही. साठे काकाही आपल्या दारात येऊन उभे राहिले, आणि आश्चर्य म्हणजे काही बोलले नाहीत.

बाबा उंबऱ्यावर आले आणि त्या सगळ्यांकडे बघून थांबले. ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात रोशन पुढे आला आणि त्यांच्यामागे गुडघ्यावर बसला.

"काका, टाच."

बाबांनी चौकटीला धरलं आणि निमूटपणे एक पाय मागे उचलला. रोशनकडे फडकं नव्हतं. त्यानं हूडीची बाही ओढून मुठीत घेतली आणि टाच पुसली, मग दुसरी. मग बाबा पायऱ्या उतरले, आणि गाडीपर्यंत आम्हाला पाठमोरे दिसत राहिले.